उजेडाच्या भरवशावर

काच ही वस्तू मी जन्मापासून पाहत आले आहे. ‘पाहत आले आहे’ असे लिहितानाही थोडे हसू येते, कारण काचेकडे कुणी पाहत नाही; तिच्यातून पलीकडचे पाहतात. सांगलीत आमचे काच-फ्रेमचे लहानसे दुकान आहे. भिंतीशी तिरप्या उभ्या केलेल्या काचा, कोपऱ्यात पट्ट्यांचे भारे, मधल्या टेबलावर अंथरलेले जुने घोंगडे आणि त्यावर लाकडी पट्टी, रॉकेलची बाटली आणि हिरकणी. अण्णा हिरकणीचे टोक रॉकेलमध्ये बुडवतात, पट्टी दाबून धरतात आणि एका दमात रेघ ओढतात. बारीक ‘सर्र’ असा आवाज होतो. मग काच टेबलाच्या कडेला आणून दोन्ही हातांनी हलकेच दाबली, की ती बरोबर त्या रेघेवर मोडते. रेघ मध्येच थांबली, किंवा एकाच रेघेवरून दुसऱ्यांदा हिरकणी फिरवली, की काच भलतीकडे फुटते. “काचेला एकदाच सांगायचं असतं,” असे अण्णा म्हणतात.

गणपती, लक्ष्मी, पंढरीचा विठोबा, लग्नाचे फोटो, दहावीची प्रमाणपत्रे आणि कुणाच्या तरी स्वर्गवासी वडिलांची हार घातलेली छबी — गावातल्या घरांच्या भिंतींवरचे हे सारे जग आमच्या टेबलावरून गेलेले आहे. त्या जगातच मी अभ्यास केला, पाढे पाठ केले आणि फ्रेमच्या उरलेल्या पुठ्ठ्यांवर पहिली चित्रे काढली. असे असूनही कला महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ती ही, की आमचे दुकान आहे हे कुणालाही सांगितले नाही.

ही गोष्ट लिहायला जड जाते. पण ती लिहिल्याखेरीज पुढचे लिहिता येणार नाही. प्रथम वर्षाच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यांची चित्रे मढवून घेऊन अण्णा स्वतः टेम्पोतून आले होते. घामाने भिजलेला सदरा, हाताला गुंडाळलेले फडके, कानावर पेन्सिल. एकेक चौकट ते भिंतीशी जपून लावून ठेवत होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने सहज विचारले, “हे कोण गं? तुझ्याशी बोलत होते ते?” आणि मी म्हणाले, “फ्रेमवाले आहेत.”

अण्णा चार हातांवर होते. त्यांनी ऐकले की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. त्यांनी वर पाहिले नाही, एवढेच आठवते. शेवटची चौकट लावली, फडक्याने तिची काच पुसली आणि ते निघून गेले. संध्याकाळी घरी जेवताना त्यांनी मला नेहमीसारखे विचारले, “झालं का सगळं नीट?” मी मान हलवली.

त्या वेळी माझी एक ठाम समजूत होती. चित्रकार हा एकटा असतो. तो आणि त्याचा कॅनव्हास यांच्यामध्ये तिसरे कुणी नसते. बाकीचे सारे — रंग कुटणारे, कॅनव्हास ताणणारे, चौकटी करणारे — हे कलेच्या उंबरठ्याबाहेरचे लोक. ही समजूत मला कुणी शिकवली नव्हती. ती माझ्या सोयीची होती, एवढेच.

दुसऱ्या वर्षी आमची शैक्षणिक सहल मुंबईला गेली. विद्यापीठाच्या फोर्टमधल्या जुन्या इमारती पाहण्याचा त्यात कार्यक्रम होता. पदवीदान सभागृहात आम्ही पाऊल टाकले तेव्हा दुपार कलली होती. तिथे एक मोठी वाटोळी खिडकी आहे. तिच्या कडेच्या वर्तुळात रंगीत काचांतून बारा राशी काढलेल्या आहेत. सर माहिती सांगत होते : हे सभागृह १८७४ साली पुरे झाले, शेजारचे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर १८७८ मध्ये, प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने मनोऱ्यासाठी देणगी दिली, वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी सारे आराखडे इंग्लंडमध्ये बसून केले आणि ते मुंबईला कधी आलेच नाहीत. वहीत मी हे सारे उतरवून घेतले. पण माझे लक्ष फरशीकडे होते. खिडकीतून आलेला उजेड तिथे सांडला होता. निळा, पिवळट, मध्येच एक लालसर डाग. एका मुलीच्या पांढऱ्या ओढणीवरून तो डाग सरकत गेला, तसे मला एकदम आजीच्या वाड्यातले माजघर आठवले.

त्या वाड्याच्या खिडक्यांना वरच्या बाजूला अर्धगोल तावदाने होती. लाल, निळी, हिरवी, पिवळी. सकाळी ऊन आले की शेणाने सारवलेल्या जमिनीवर रंगांचे तुकडे पडत. मी त्या तुकड्यांत हात धरून बसे. हात निळा होई, लाल होई. मूठ मिटली की रंग मुठीवर बसे, आत मात्र काही सापडत नसे. वाडा पुढे वाटणीत गेला, पाडला गेला, आणि त्या जागी आता तीन मजली इमारत आहे. इतकी वर्षे मी चित्रे काढत होते, पण रंगाशी माझी पहिली भेट त्या तावदानांखाली झाली होती हे मी साफ विसरून गेले होते.

सहलीहून परतल्यावर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात रंगीत काचचित्रांवरचे जे मिळेल ते मी वाचू लागले. तिथे मला मार्क शगाल नव्याने भेटला. नव्याने अशासाठी, की त्याची चित्रे पाठ्यक्रमात होतीच : आकाशात तरंगणारी प्रेमिकांची जोडी, छपरावरचा व्हायोलिनवाला, हिरव्या तोंडाचा माणूस आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारी गाय. परीक्षेत चार ओळी लिहिण्यापुरता तो मला ठाऊक होता. पण या माणसाने आयुष्याची शेवटची जवळजवळ तीस वर्षे काचेला दिली, हे मात्र मला माहीत नव्हते.

शगालचा जन्म १८८७ चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या विटेब्स्क या गावचा. आता ते बेलारूसमध्ये आहे. घर ज्यू, गरीब आणि भाविक. वडील खारवलेल्या माशांच्या वखारीत कष्टाचे काम करीत, आई लहानसे किराणा दुकान चालवी. हे वाचताना मी पान उलटायचे थांबले. इतका मोठा चित्रकार, आणि तो आपल्या वडिलांच्या माशांच्या वासाच्या कपड्यांविषयी, आईच्या दुकानाविषयी जगाला सांगत होता. चित्रांतून पुन्हापुन्हा तेच गाव, तीच लाकडी घरे, तीच जनावरे काढीत होता. पॅरिसला गेला तरी त्याने विटेब्स्कच काढले. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रान्समधून निसटून १९४१ साली न्यूयॉर्कला पोचला, तरी विटेब्स्कच काढले. १९४४ मध्ये त्याची पत्नी बेला वारली. ती त्याच्याच गावची. चित्रांत तरंगणारी ती तीच. त्यानंतर कित्येक महिने त्याने कुंचल्याला हात लावला नाही. युद्धात त्याचे गाव उद्ध्वस्त झाले. म्हणजे पुढे त्याने ज्या गावाची चित्रे काढली ते गाव पृथ्वीच्या पाठीवर उरलेलेच नव्हते.

असा माणूस काचेकडे वळला तो वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर. १९५२ मध्ये तो शार्त्रच्या कॅथीड्रलमधली मध्ययुगीन काचचित्रे अभ्यासण्यासाठी मुद्दाम गेला होता. १९५७ च्या सुमारास आल्प्समधल्या आसी येथील एका चर्चसाठी त्याने पहिल्या दोन खिडक्या केल्या, आणि १९५८ पासून मेट्झच्या कॅथीड्रलच्या मोठ्या कामाला हात घातला. तोवर जगभर नाव झालेले होते. स्वस्थ बसून कॅनव्हास रंगवीत राहिला असता तरी कुणी काही म्हटले नसते. पण त्याने असे माध्यम निवडले, की ज्यात त्याला पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

काचेवरचे चित्र आणि कॅनव्हासवरचे चित्र यांत मूळचाच फरक आहे. कॅनव्हासवर प्रकाश पुढून पडतो आणि परत फिरतो; काचेत तो मागून येतो आणि आरपार जातो. काचेचा रंग बहुतेक वेळा वरून लावलेला नसतो; काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची भस्मे मिसळतात. कोबाल्टने निळा, तांब्याने लाल किंवा हिरवा, सोन्याने गुलाबी तांबडा. हवे ते रंग कापून घ्यायचे, शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवायचे, सांध्यांवर डाख द्यायचा. चेहरे, बोटे, घड्या काढायच्या त्या काळपट रंगाने. हा रंग म्हणजे धातूचे भस्म आणि काचेची पूड. तो काचेवर चढवून भट्टीत ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवला की काचेशी एकजीव होतो. हे सारे करूनही चित्र पुरे होत नाही. भिंतीत बसवल्यावर सूर्य उगवेल तेव्हाच ते दिसणार. आणि सकाळी जसे दिसेल तसे दुपारी दिसणार नाही, श्रावणात जसे दिसेल तसे माघात दिसणार नाही. निळा रंग मागच्या उजेडात पसरतो, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतो. लाल आपल्या जागी आवळून बसतो. चित्रकाराने कागदावर दोघांना सारखी जागा दिली असली तरी काचेत ती सारखी राहत नाही.

या माध्यमात शगाल उतरला तेव्हा त्याच्या सोबतीला एक माणूस होता. फ्रान्समधल्या रँस शहरात सिमों घराण्याची काचकामाची कार्यशाळा सतराव्या शतकापासून पिढ्यानपिढ्या चालत आलेली. त्या घराण्यातली ब्रिजित सिमों आणि तिचा पती शार्ल मार्क ही दोघे तेव्हा ती चालवीत. शगालचे पहिले नाव आणि या कारागिराचे आडनाव उच्चाराला एकच, हीही एक गंमत. १९५८ पासून शगालच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षे, हे दोन मार्क एकत्र काम करीत राहिले.

काम चाले ते असे. शगाल आधी कागदावर छोटे कच्चे रेखाटन करी. मग शाई आणि जलरंगांत ते वाढवी. कधी त्यावर कापडाचे, रंगीत कागदाचे तुकडे चिकटवून रंगांचा तोल पाही. हे चित्र शार्ल मार्कच्या हाती येई. मार्क त्यावरून खिडकीच्या मूळ मापाचा आराखडा करी, काचा निवडी, कापी, जुळवी. शगालची अडचण अशी होती की त्याच्या चित्रात रंग रेषेच्या कुंपणात राहत नाही. गाईचा निळा तिच्या पाठीवरून उतरून आभाळात जातो. काचचित्राची जुनी रीत मात्र एक रंग, एक तुकडा, भोवती शिसे अशी. मार्कने यावर उपाय काढला. पारदर्शक काचेवर रंगीत काचेचे पातळ थर असलेल्या काचा त्याने तयार करून घेतल्या आणि तीव्र आम्लाने तो थर कुठे कमी, कुठे अधिक असा झिजवला. त्यामुळे एकाच तुकड्यात गडद निळ्यापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत सगळ्या छटा मिळू लागल्या. शिशाची रेष रंगांच्या सीमेवरून सुटली, आणि मग शगालने त्या रेषेलाही स्वतंत्र चाल दिली. त्याच्या खिडक्यांत शिशाची काळी रेष कधी आकृतीच्या कडेने जाते, तर कधी तिला ओलांडून सरळ निघून जाते.

तुकडे जुळले, की शगाल रँसला कार्यशाळेत येई. उजेडासमोर उभ्या केलेल्या काचेवर काळा रंग चढवी. काही पुसून काढी, काही खरवडी, कुठे बोटांनी, कुठे कुंचल्याच्या मागच्या टोकाने. म्हणजे चित्र शगालकडून मार्ककडे जाई, मार्ककडून पुन्हा शगालकडे, आणि शेवटी दोघांच्याही हातांतून सुटून सूर्याकडे.

हे वाचले त्या संध्याकाळी मी दुकानात गेले. अण्णा एका काचेवर हिरकणी फिरवीत होते. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात कापू लागला आहे. रेघ मध्येच थरथरली आणि काच भलतीकडे फुटली. त्यांनी तुकडे शांतपणे गोळा केले, पण दुसरी काच घेतली नाही. “आता दुकान भाड्यानं द्यावं म्हणतो,” ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. शार्ल मार्क हे नाव पाठ करून, सिमों घराण्याचे शतक पाठ करून मी घरी आले होते. आणि माझ्या समोर माझा स्वतःचा शार्ल मार्क उभा होता, ज्याला मी ‘फ्रेमवाले’ म्हटले होते.

“मला शिकवाल?” मी विचारले.

“आता?” एवढेच ते म्हणाले. पण टेबलावरचे तुकडे त्यांनी बाजूला सारले.

पहिले पंधरा दिवस मी नुसत्या टाकाऊ काचा कापल्या. नेम चुकला, दाब चुकला, बोटे कापली. शगाल सत्तरीत शिकायला बसला होता. मी विशीत, आणि तेही आपल्याच घरात, शिकायला उशीर केला होता. मग मी एका लहान खिडकीचा आराखडा केला. दीड फूट रुंद, दोन फूट उंच. त्यात तरंगणारी दोन माणसे, एक व्हायोलिन, निळे आभाळ. अण्णांनी कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि विचारले, “कुठलं गाव हे?”

मी गप्प बसले. ते गाव माझे नव्हते. शगालच्या आभाळात माणसे तरंगतात, ती त्याच्या गमावलेल्या गावातून उठून आलेली असतात. माझी माणसे पुस्तकाच्या पानातून उठून आली होती.

तेव्हा मला शगालची ट्युडलीची खिडकी आठवली. इंग्लंडच्या केंट परगण्यातले हे छोटे खेडे. सारा नावाची एकवीस वर्षांची मुलगी १९६३ मध्ये शिडाच्या होडीच्या अपघातात समुद्रात बुडून गेली. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातील प्रार्थनागृहासाठी शगालने केलेल्या बारा खिडक्या १९६१ साली पॅरिसला प्रदर्शनात मांडल्या होत्या. तिथे साराने आणि तिच्या घरच्यांनी त्या पाहिल्या होत्या. म्हणून तिच्या आईवडिलांनी गावच्या चर्चमधली एक खिडकी करण्यासाठी शगालला विचारले. १९६७ मध्ये ती बसली. खाली निळ्या पाण्यात पडलेली मुलगी, वर चढत जाणारी शिडी, एक लाल घोडा, आणि सर्वांत वर क्रूसावरचा येशू. खिडकी बसवण्याच्या वेळी ऐंशीच्या घरातला शगाल तिथे आला, ते लहानसे चर्च त्याने पाहिले आणि बाकीच्या खिडक्याही करीन असे म्हणाला. अशा बारा खिडक्या झाल्या; शेवटच्या बसल्या १९८५ मध्ये, म्हणजे तो गेला त्याच वर्षी. एका अनोळखी घराचे दुःख त्याने हाती घेतले ते आपले निळे घेऊन. ज्या पाण्याने मुलगी नेली ते पाणीच त्याने उजेडाने भरले.

ही खिडकी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. पुस्तकातल्या चित्रात पाहिली आहे. काचचित्राचे छायाचित्र म्हणजे दिव्याचे छायाचित्र. त्यात दिवा असतो, उजेड नसतो. तरीही त्या निळ्या पाण्याने मला माझ्या पाण्यापाशी आणून सोडले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा मी शाळेत होते. दुकानात खांद्याइतके पाणी चढले आणि कित्येक दिवस उतरले नाही. आम्ही शटर वर केले तेव्हा आत गाळाचा थर होता. पट्ट्या फुगून उकलल्या होत्या, हार्डबोर्डचा लगदा झाला होता, लोकांनी मढवायला दिलेले देव आणि पूर्वज ओळखू येत नव्हते. शाबूत राहिल्या होत्या त्या फक्त काचा. चिखलाने माखलेल्या, पण शाबूत. अण्णा, आई आणि मी तीन दिवस त्या धूत होतो. धुतलेली प्रत्येक काच अण्णा दाराशी नेऊन सूर्याकडे धरत आणि पाहून झाले की म्हणत, “ही राहिली.” भिंतीला पुढे रंग दिला, पण पाणी चढले होते तिथे अण्णांनी पेन्सिलीने एक आडवी रेघ ओढून ठेवली आहे. ती अजून आहे.

मी नवा कागद घेतला आणि आधी ती रेघ ओढली. तिच्याखाली पाणी. पाण्यात उभ्या असलेल्या काचा, एकीमागे एक. वर दार, दारातला उजेड, आणि काच वर धरलेले दोन हात.

रंगीत काचा कुठून आणायच्या, असा प्रश्न पडला तेव्हा अण्णांनी माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आजीचा वाडा पाडला त्या दिवशी ढिगाऱ्यातून वेचलेले तावदानांचे तुकडे त्यात होते. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून ठेवलेले. मला वाटत होते की त्या रंगांची आठवण असणारी मी एकटीच. “हे कशासाठी ठेवलं होतंत?” मी विचारले. “चांगली काच आहे,” ते म्हणाले.

शिशाच्या पट्ट्या आमच्याकडे मिळत नव्हत्या. म्हणून तुकड्यांच्या कडांना तांब्याची चिकट पट्टी लावून त्यावर डाख द्यायचा, असे ठरवले. पट्टी मुंबईहून मागवली. डाख द्यायला शेजारचे रेडिओ दुरुस्त करणारे काका आले. काच मी कापली, पट्टी अण्णांनी धरली. त्यांचा हात थरथरतो, पण पट्टीवर दाब धरायला लागतो तेवढा जोर त्यात अजून आहे.

एक चूक मात्र आम्ही केलीच, किंवा मी केली. घाईने एका रात्री ट्यूबलाइटखाली मी पाण्यासाठीची निळी निवडली. डब्यातली सर्वांत गडद. रात्री ती फार देखणी दिसत होती. तुकडे कापून जुळवले. सकाळी चौकट खिडकीत धरली तर सारे पाणी काळे पडलेले. अण्णा रागावले नाहीत. “दिव्याखाली सगळ्याच काचा बऱ्या दिसतात. काच दाराशी नेऊन बघायची,” एवढेच म्हणाले. पुराच्या वेळी ते प्रत्येक काच दाराशी का नेत होते, हे मला त्या सकाळी समजले. त्यातले निम्मे तुकडे काढून फिकट निळी बसवली. काढलेले गडद तुकडे पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात गेले.

चौकट पुरी झाली त्या दिवशी आम्ही ती दुकानाच्या मागच्या खिडकीत उभी केली आणि संध्याकाळपर्यंत कामे करता करता पाहत राहिलो. दुपारी दारातला पिवळा पुढे येत होता, हातांचा लाल पेटल्यासारखा होता. सूर्य खाली गेला तसा लाल आधी विझला, तपकिरी झाला, मग दिसेनासा झाला. अंधुक उजेडात डोळ्यांना तांबड्यापेक्षा निळे अधिक काळ दिसत राहते, हे मी पुस्तकात वाचले होते. तसेच झाले. दार गेले, हात गेले, पण पाणी बराच वेळ उजळ राहिले. अण्णा म्हणाले, “पूर उतरला नाही अजून.” आम्ही दोघेही हसलो. तेवढ्यात मला सांगावेसे वाटले, की त्या दिवशी प्रदर्शनात मी असे असे म्हणाले होते. शब्द ओठांपर्यंत आले. पण अण्णांनी ट्यूबलाइट लावली, चौकट काळी झाली, आणि एक गिऱ्हाईक आले.

शगालच्या कामाचा विचार करताना माझे मन शेवटी जर्मनीतल्या माइन्झ शहरापाशी येऊन थांबते. ज्या राजवटीने त्याच्या चित्रांना भ्रष्ट ठरवले, ज्या राजवटीपासून जीव वाचवण्यासाठी तो अमेरिकेला पळाला, त्याच देशातले हे शहर. युद्धात तिथले सेंट स्टीफन चर्च बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाले होते. तिथल्या क्लाउस मायर या धर्मगुरूंनी १९७३ मध्ये शगालला पत्र लिहून खिडक्यांसाठी विनंती केली. होकार सहजी आला नाही. पण १९७८ मध्ये पहिली खिडकी बसली तेव्हा शगाल एक्याण्णव वर्षांचा होता. अशा नऊ खिडक्या त्याने केल्या. २८ मार्च १९८५ रोजी तो गेला. उरलेल्या खिडक्या शार्ल मार्कने केल्या. त्या त्याने शगालच्या आकृतींची नक्कल करून भरल्या नाहीत. साध्या ठेवल्या, निळ्याच ठेवल्या, म्हणजे शगालच्या खिडक्यांना शेजार मिळेल. मला वाटते, इतक्या वर्षांच्या सोबतीचे सारे काही त्या साधेपणात आहे.

यंदाच्या प्रदर्शनात आमची चौकट मांडली आहे. हॉलमध्ये ती पूर्वेच्या खिडकीत लावावी अशी मी सरांना विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. तेव्हा ज्यांना पाहायची असेल त्यांनी सकाळी अकराच्या आत यावे. खालच्या चिठ्ठीवर मी दोन नावे लिहिली आहेत. आधी अण्णांचे, मग माझे. चौकट लावायला अण्णा आले होते. तोच सदरा, कानावर पेन्सिल. तीच मैत्रीण शेजारी उभी होती. मी तिला म्हणाले, “हे माझे वडील. काच यांनी शिकवली.”

अण्णांनी चिठ्ठी वाचली. काही वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “नावाचं राहू दे. चौकट डावीकडं सुतभर कलली आहे, ती आधी सरळ कर.”

मी ती सरळ केली. त्यांनी फडक्याने काच पुसली आणि उजेड कसा येतो ते पाहायला दोन पावले मागे सरले.